पेटीतले चार दगड कुठून आले?

नमस्कार.

आमची नमुनापेटी घेतल्याबद्दल आभार. झाकण उघडले की चार खणांत चार दगड दिसतील: भोकाभोकांचा काळा बेसॉल्ट, पोटात पांढरे स्फटिक असलेला दुसरा बेसॉल्ट, काळ्या दगडात रुतून बसलेला हिरवा गोळा आणि काचेसारखा चकाकणारा ऑब्सिडियन. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तरी ते आम्ही मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. पृथ्वीच्या खोल पोटातून तापलेला खडक वर चढतो तेव्हा जमिनीवर काय काय घडते, हे या चौघांकडे पाहून समजून घेता येते. पत्रक वाचताना दगड हाताशी असू द्या. भिंग झाकणाच्या कप्प्यात आहे.

भूपट्टाच्या मधोमध ज्वालामुखी कसा?

बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडांवर असतात. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर होतात किंवा एक दुसऱ्याखाली शिरतो, तिथे. हवाई बेटे मात्र पॅसिफिक भूपट्टाच्या पार मध्यावर आहेत, जवळची कड हजारो किलोमीटरवर. मग तिथे लाव्हा येतो कुठून?

१९६३ मध्ये कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन यांनी सुचवले की बेटांच्या खाली, प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात), उष्णतेचा एक स्रोत जागच्या जागी आहे आणि भूपट्ट त्याच्यावरून सरकत जातो. त्या जागेला हॉटस्पॉट म्हणू लागले. १९७१ मध्ये अमेरिकेचे डब्ल्यू. जेसन मॉर्गन यांनी पुढचे पाऊल टाकले: ही उष्णता प्रावरणाच्या खोल भागातून खांबासारख्या वर येणाऱ्या तप्त खडकाची आहे. हा खांब म्हणजे प्लूम.

समजावून सांगायला आम्हाला शिवणयंत्र सर्वांत जवळचे वाटते. सुई एकाच जागी वरखाली होते, कापड सरकते आणि त्यावर टाक्यांची ओळ उमटते. कापड म्हणजे भूपट्ट, सुई म्हणजे हॉटस्पॉट आणि टाके म्हणजे एकामागून एक तयार झालेली बेटे. सुईखालचा टाका ताजा, पुढे सरकलेला जुना.

नकाशावर हवाईची बेटे वायव्येकडून आग्नेयेकडे पाहत या. वायव्येचे काउआई दऱ्यांनी चिरलेले, झिजलेले, सुमारे ५० लाख वर्षांचे. आग्नेयेचे मोठे हवाई बेट १० लाख वर्षांहूनही तरुण, आणि किलाउएआ व मौना लोआ हे जागते ज्वालामुखी त्याच्यावरच आहेत. हा क्रम १८४० च्या सुमारासच जेम्स ड्वाइट डाना यांच्या नजरेत भरला होता, तोही कोणते बेट किती झिजले आहे एवढ्यावरून. हवाईच्या लोकांच्या कथा तर त्याहून जुन्या. त्यांची अग्निदेवता पेले एकेक बेट सोडत पुढे गेली आणि शेवटी किलाउएआत राहिली. ज्यांनी ते डोंगर रोज पाहिले त्यांना कोणता निवला आणि कोणता अजून धुमसतो हे पक्के ठाऊक होते. आम्हाला या कथेविषयी मनापासून आदर वाटतो.

एक हिशेब स्वतः करून पाहा. काउआई ते किलाउएआ अंतर साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे ५ कोटी सेंटिमीटर. वेळ ५० लाख वर्षे. भागाकार केला की वर्षाला १० सेंटिमीटर येतात. आज उपग्रहांच्या मदतीने मोजलेला वेग याहून थोडा कमी, पण त्याच घरातला आहे. आपल्या बोटाचे नख वर्षाला साडेतीन-चार सेंटिमीटर वाढते. महासागराचा तळ त्याच्या दुप्पट वेगाने चालला आहे.

या टाक्यांचे वजनही साधे नाही. मौना केआ समुद्रतळापासून मोजला तर १० किलोमीटरहून उंच भरतो. एवढ्या भाराने खालचा भूपट्ट वाकतो आणि बेटांभोवती समुद्रतळावर खोलगट पट्टा तयार होतो. त्याच वेळी खालचा तप्त खडक सगळा प्रदेश उचलून धरतो. हवाईभोवतीचा समुद्रतळ सुमारे १००० किलोमीटर रुंदीत फुगलेला आहे, मध्यावर जवळजवळ एक किलोमीटरने. म्हणजे हॉटस्पॉट फक्त डोंगर उभे करत नाही; तो खालची जमीनही उचलतो, आणि त्याचे डोंगर तीच जमीन दाबतात.

भोकांचा बेसॉल्ट आणि एक गैरसमज

ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न: “खाली सगळा लाव्हाच आहे ना?”

नाही. प्रावरण सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत जाते आणि ते जवळपास सगळे घन खडकाचे आहे. फक्त हा घन खडक प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली फार सावकाश वाहतो, हिमनदीचा बर्फ घन असूनही उतारावरून सरकतो तसा. प्लूममधला खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा साधारण १०० ते ३०० अंशांनी गरम असतो. गरम म्हणून हलका, आणि हलका म्हणून वर. या सगळ्या प्रवासात तो घनच असतो.

वितळतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि त्याचे कारण आम्हाला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. खोलवर खडक वितळत नाही, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. वर येता येता दाब उतरतो आणि आणखी उष्णता न मिळताही त्याचा थोडा अंश वितळतो. तो अंश, म्हणजे शिलारस, फटींतून गोळा होतो आणि बाहेर पडला की लाव्हा म्हणवतो.

आता पहिल्या खणातला दगड घ्या. शिलारसात विरघळलेले वायूही दाब उतरल्यामुळेच सुटे होतात आणि बुडबुडे धरतात. लाव्हा थिजला, बुडबुडे तसेच राहिले. खिडकीच्या तिरप्या उजेडात भिंगातून पाहा. काही भोके गोल दिसतील, काही लांबट. लांबट भोके बहुतेक एकाच दिशेला झुकलेली असतात. थिजताना लाव्हा त्या दिशेने सरकत होता.

हिरवा गोळा, आणि एक दुरुस्ती

तिसऱ्या खणातला हिरवा गोळा मुख्यतः ऑलिव्हिन या खनिजाचा आहे. भोवतीचा काळा भाग बेसॉल्ट. शिलारस वर येताना वाटेतल्या खडकाचा लचका तोडून घेतो आणि तो न वितळता वरपर्यंत येतो, तेव्हा असा नमुना मिळतो. कडेवरून नख फिरवा: काळ्या-हिरव्याची सीमा धारदार लागते, एकमेकांत मिसळलेली नाही.

या पत्रकाच्या मागच्या छपाईत आम्ही याला “प्लूमचा तुकडा” म्हटले होते. ते चूक होते. एका शिक्षक ग्राहकांनी ती दाखवून दिली, त्यांचे आभार. असे गोळे बहुतेक वेळा भूपट्टाच्याच खालच्या भागातले असतात, काही दहा किलोमीटर खोलीवरचे. शिलारसाने ते जाता जाता उचललेले असतात. तरीही हा प्रावरणाचा खडक आहे आणि तुमच्या तळहातावर आहे. इतक्या खोलवर आजवर कोणतीही छिद्रणयंत्रणा पोहोचलेली नाही.

पांढरे स्फटिक: प्लूमचे डोके आणि शेपूट

प्लूम नवा असतो तेव्हा तो अळंबीच्या आकाराचा असतो, असे प्रयोगशाळेतल्या दाट द्रवांवरच्या प्रयोगांतून दिसते: पुढे मोठे डोके, मागे बारीक शेपूट. डोके भूपट्टाच्या तळाशी आदळून पसरते, तेव्हा थोड्या काळात अफाट लाव्हा बाहेर येतो. त्यानंतर शेपूट कोट्यवधी वर्षे एकेक टाका घालत राहते.

दुसऱ्या खणातला बेसॉल्ट अशा एका डोक्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला. झिजून झिजून आजही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याच्या थरांची जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. थरावर थर: कठीण थराचा कडा राहतो, मऊ थराचा उतार होतो, आणि डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा स्कँडिनेव्हियन भाषांतला पायरीचाच शब्द.

भारताचा भूपट्ट तेव्हा उत्तरेकडे वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने धावत होता. डोके मागे पडले, शेपटाने समुद्रात टाके घातले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार उद्रेक करतो. १९८७ मध्ये या ओळीवर समुद्रतळात छिद्रे घेऊन खडकांची वये काढली, तेव्हा दक्षिणेकडे जावे तसतसे ती कमी होत गेली. चागोस आणि मॉरिशस यांच्यामध्ये मात्र ओळ तुटलेली दिसते. तिथे महासागराच्या मधली जलमग्न पर्वतरांग हॉटस्पॉटवरून सरकली, आणि टाके भारताच्या कापडावरून आफ्रिकेच्या कापडावर गेले.

डायनोसॉर संपले तेही साधारण याच काळात. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला लघुग्रह त्याचे मुख्य कारण मानतात. दख्खनच्या वायूंचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. सायबेरियात सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी असाच लाव्हाचा महापूर आला होता, आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा जीवसंहार त्याच सुमाराचा आहे.

पांढरे स्फटिक झिओलाइटचे. लाव्हा निवल्यानंतर दीर्घ काळ त्याच्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले, आणि त्यातल्या क्षारांतून हे वाढले. पहिल्या दगडातले रिकामे भोक आणि यातले भरलेले भोक शेजारी धरून पाहा. स्फटिकांच्या रचनेतच पाणी असते आणि तापवले की ते बाहेर येते. म्हणून १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ग्रीक शब्दांवरून त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. हा प्रयोग घरी करू नका, स्फटिक खराब होतात.

काच: खंडाखालचा हॉटस्पॉट

समुद्राखालचे कवच पातळ असते, त्यामुळे लाव्हा पातळ आणि वाहता येतो. जाड खंडाखाली प्लूम आला तर खालून आलेला बेसॉल्ट कवचातला सिलिकाने (वाळूतल्या मुख्य घटकाने) भरलेला खडकही वितळवतो. तो शिलारस इतका घट्ट असतो की वायू त्यातून सहज सुटत नाहीत, कोंडतात, आणि स्फोट होतो. अमेरिकेतल्या येलोस्टोनला २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी असे तीन महास्फोट झाले. प्रत्येक वेळी जमीन खचून विस्तीर्ण काहील तयार झाली. नैर्ऋत्येकडे स्नेक नदीच्या मैदानात त्याच्या जुन्या काहिलींची ओळ आहे. पुढचा स्फोट आता अगदी जवळ आला आहे, अशा बातम्या अधूनमधून फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. तिथला शेवटचा लाव्हा सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वाहिला आणि तो शांतपणे वाहिला होता.

असाच सिलिकायुक्त लाव्हा स्फटिक धरण्याआधी थिजला की ऑब्सिडियन होतो. येलोस्टोनमध्ये त्याचा एक आख्खा कडा आहे. तुमच्या पेटीतला तुकडा तिथला नाही, कारण त्या उद्यानातून दगड उचलायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आमचा दुसऱ्या ज्वालामुखीचा आहे, घडण मात्र तीच.

आइसलँडचा प्लूम थेट अटलांटिकच्या जलमग्न पर्वतरांगेखाली आहे. एरवी दोन-अडीच किलोमीटर पाण्याखाली असलेली रांग तिथे समुद्राबाहेर येऊन देश झाली आहे.

बेट बुडते तेव्हा

हॉटस्पॉटवरून पुढे गेलेले बेट झिजते, आणि त्याच्याखालचा भूपट्ट निवत जाऊन खचतो. उष्ण पाण्यात बेटाच्या कडेने प्रवाळ वाढत असतील तर ते बुडत्या बेटावर वर वर बांधत राहतात. डोंगर दिसेनासा होतो, प्रवाळाचे कडे उरते. हा तर्क चार्ल्स डार्विन यांचा. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर छिद्र घेतले, तेव्हा १४०० मीटर चुनखडक पार केल्यावर खाली बेसॉल्ट लागला.

सुई खरेच स्थिर आहे?

हवाईची ओळ वायव्येला जाता जाता अचानक उत्तरेकडे वळते आणि एम्परर नावाच्या बुडालेल्या डोंगरांची रांग सुरू होते. दोन्ही मिळून सुमारे ६००० किलोमीटर. वळण सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे. बराच काळ एवढेच सांगितले जाई की तेव्हा भूपट्टाने दिशा बदलली. २००१ मध्ये एम्परर डोंगरांत छिद्रे घेतली आणि तिथल्या लाव्हात गोठलेले चुंबकत्व तपासले. ते डोंगर आजच्या हवाईच्या अक्षांशावर नव्हे, बरेच उत्तरेला तयार झाले होते. म्हणजे सुईही दक्षिणेकडे सरकत होती. शिवणयंत्राचे आमचे उदाहरण इथे अपुरे पडते, हे लक्षात असू द्या.

प्लूम प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाही. भूकंपाच्या लहरी गरम खडकातून मंद जातात, आणि जगभरच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीच्या पोटाचे चित्र काढता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चित्रात अनेक मोठ्या हॉटस्पॉटखाली रुंद, मंद लहरींचे खांब प्रावरणाच्या तळापर्यंत गेलेले दिसले. तरी प्रत्येक हॉटस्पॉटखाली खोलवरचा प्लूम असतोच, हे सगळ्या भूवैज्ञानिकांना मान्य नाही. काही ठिकाणी ताणलेल्या भूपट्टाच्या भेगाच पुरेशा आहेत, असे काही भूवैज्ञानिकांचे म्हणणे आहे.

पुढचा टाका मात्र पडू लागला आहे. मोठ्या हवाई बेटाच्या आग्नेयेला, पाण्याखाली सुमारे एक किलोमीटरवर, कामाएहुआकानालोआ या ज्वालामुखीचा माथा आहे.

नमुन्यांची काळजी

ऑब्सिडियनच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. तो कापडात गुंडाळून ठेवा आणि लहान मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळू द्या. झिओलाइट ब्रशने हलकेच झाडा, आम्ल किंवा साबण लावू नका. हिरवा गोळा ओला ठेवू नका, ऑलिव्हिन गंजल्यासारखे तांबूस पडते.

वाटेत एखादा नमुना फुटला असेल तर कळवा, दुसरा पाठवू. फुटलेला बेसॉल्ट परत पाठवायची गरज नाही. त्याची ताजी फूट भिंगाखाली धरा. जुन्या पृष्ठभागावर न दिसणारे बारीक चमकते स्फटिक तिथे स्पष्ट दिसतील.