टर्बो गाडीतील ट्यूनिंग बॉक्स

ट्यूनिंग बॉक्स हा टर्बो इंजिनाच्या गाडीत बाहेरून बसवला जाणारा छोटा कॉम्प्युटर होय. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा. गाडीचा मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि त्याला माहिती पुरवणारे सेन्सर यांच्या मधल्या वायरिंगमध्ये तो जोडतात. इंजिन न खोलता गाडीचा पिकअप आणि ओढ वाढवणे हा त्याचा उद्देश. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘बॉक्स’ किंवा ‘चिप’ म्हणतात. रीमॅप वेगळा : त्यात ईसीयूमधला मूळ प्रोग्रॅमच बदलतात, बहुधा ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणी-जोडणीला) लॅपटॉप लावून. मूळ ईसीयू काढून दुसराच बसवण्याचा मार्ग मुख्यतः रेसच्या गाड्यांसाठी आहे. बॉक्स काढता-घालता येतो, म्हणून तो निर्धोक असा समज पसरला आहे. तो समज तपासून घ्यायला हवा.

डिझेल गाडीत कॉमन रेलच्या नळीवर, म्हणजे सर्व इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या नोझलना) दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीवर, प्रेशर सेन्सर असतो. त्याला तीन वायरी असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. रेलमधला दाब जसा वाढेल तसा सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत चढतो. बॉक्स बसवताना या सेन्सरचा कनेक्टर काढून मध्ये बॉक्सची जोडणी घालतात; वायर कापावी लागत नाही. मग बॉक्स सिग्नल थोडा कमी करून पुढे पाठवतो. रेलमध्ये खरा दाब १,६५० बार असताना ईसीयूला १,५०० दिसतो. दाब हवा तेवढाच आहे असे समजून ईसीयू गप्प राहतो आणि सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त डिझेल जाते. टर्बो पेट्रोल गाडीत हीच युक्ती बूस्ट प्रेशरच्या, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाच्या, सिग्नलवर केली जाते. दाब कमी वाटल्यामुळे ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) बंद ठेवतो आणि टर्बो अधिक हवा भरतो.

यातून एक गोष्ट निघते, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. बॉक्स लावलेल्या गाडीला स्कॅनर जोडला, तर स्कॅनरलाही तोच खोटा आकडा दिसतो. मिस्त्री १,५०० बार वाचतो आणि रेल ठीक आहे म्हणतो. पंप, इंजेक्टर आणि रेल मात्र १,६५० सोसत असतात. गाडी दुरुस्तीला देताना बॉक्स आहे हे सांगितलेच पाहिजे.

दाव्यांबद्दलही थोडा हिशोब करावा. इंजेक्टरमधून जाणारे डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब १० टक्के वाढवला तर डिझेल साधारण ५ टक्केच वाढते. म्हणून एका कनेक्टरच्या बॉक्सवर ताकद २५-३० टक्के वाढते असे कोणी सांगत असेल, तर तो आकडा डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर मागावा. रेल प्रेशरबरोबर बूस्टही हाताळणारे बॉक्स अधिक काम करतात. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा डिझेलट्रॉनिक हे या प्रकारच्या उपकरणांतले भारतात माहीत असलेले नाव.

सातारा जिल्ह्यात बॉक्सची खरी परीक्षा घाटात होते. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मध्ये पसरणी घाट. पुढे एसटी, वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम १,५०० च्या खाली. नेमके इथेच चालकाला वाटते की गाडीत दम नाही. जुन्या डिझेल स्विफ्टच्या ७५ पीएस इंजिनाचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २,००० आरपीएमला येतो. त्याच्या बऱ्याच खाली टर्बो पुरेशी हवा देत नाही. हवाच नसेल तर वाढीव डिझेल जळणार कुठे? त्याचा धूर होतो. जिथे मदत हवी असते तिथेच बॉक्स सर्वांत कमी कामाचा ठरतो; पहिला गिअर वेळेवर टाकणे अधिक उपयोगी. बॉक्सचा फरक जाणवतो तो २,००० च्या वर, सातारा-कराड महामार्गावर ओव्हरटेक करताना. तिथे तो खरोखर जाणवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उंचीचा मुद्दा याहून गंभीर आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. तेवढाच बूस्ट देण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. त्याचा वेग मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून कंपनीचा ईसीयू बाहेरच्या हवेचा दाब पाहून बूस्ट किंवा इंधन आवरते घेतो. बॉक्स नेमकी हीच लगाम सैल करतो. कंपनीने ठेवलेली जादा क्षमता रिकामी पडून असते असे मानून बॉक्स विकले जातात; घाट, मे महिन्याचे ऊन आणि भरलेली गाडी यांच्यासाठीच ती राखलेली असते.

म्हणून भारवाहू गाड्यांना बॉक्स लावूच नये. तासगावची द्राक्षे भरून निघालेला पिकअप घाट चढताना बराच वेळ पूर्ण ताकदीवर चालतो. एक्झॉस्टची उष्णता उतरायला उसंत मिळत नाही. पिस्टन आणि टर्बोचे नुकसान अशाच चालीत होते, दोन मिनिटांच्या ओव्हरटेकमध्ये नव्हे.

प्रवासी गाड्यांत आधी क्लच बोलतो : चढावर आरपीएम वाढते, वेग वाढत नाही, जळका वास येतो. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन मुळात १७५ न्यूटन-मीटरचे आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० ची. तिथे वाव आहे. प्रत्येक गाडीत इतका नसतो. पेट्रोल गाडीत नॉकिंगचीही, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचीही, भर पडते. नॉक सेन्सरला इंजिन ठोकताना जाणवले की ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो), आणि उन्हाळ्यात वाढलेली ताकद तिथेच निघून जाते.

तरीही बसवायचाच असेल, तर आधी गाडी निरोगी हवी. एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) पाइपच्या क्लिपा, इंजेक्टर, क्लच हे तपासावे, ऑइल वेळेआधी बदलावे आणि बॉक्स सर्वांत खालच्या सेटिंगवर ठेवावा. पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्टचा कोड आला, तर तो पुसून पुढे जाऊ नये, सेटिंग उतरवावे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हा प्रकार आणखी अडचणीचा आहे. वाढीव काजळीने डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो. वॉरंटीत कंपनी दावा नाकारू शकते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर वादाचे कारण होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याने बॉक्सच्या खुणा शोधाव्यात, कारण विकण्याआधी तो काढून ठेवणे दहा मिनिटांचे काम आहे. रेल किंवा बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरची तुटलेली लॉक-क्लिप, वायरिंगवर मूळ टेपच्या जागी गुंडाळलेली नवी टेप, बॅटरीजवळ कापलेले केबल टाय. यातले काही दिसले, तर क्लचची पकड आणि टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) तपासल्याशिवाय सौदा करू नये.