उडणाऱ्या वाहनांची शंभर वर्षे : अडचण उतरण्याची होती

हवाई टॅक्सीविषयीच्या बातम्यांत ‘लवकरच’ हा शब्द हमखास आढळतो आणि गेली शंभर वर्षे तो तेथेच आहे. अमेरिकी विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या विमान प्रदर्शनात ‘ऑटोप्लेन’ हे मोटार आणि विमान एकत्र असलेले वाहन मांडले. त्याने जमिनीवरून थोड्या उड्या घेतल्या, परंतु त्याचे खरे उड्डाण कधी झाले नाही. तरीही उडणारी मोटार तांत्रिकदृष्ट्या अशक्य होती, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. अमेरिकी अभियंते मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ ही उडणारी मोटार १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला अमेरिकी सरकारचे प्रमाणपत्रही मिळाले. तिचे पंख घडी करून मागे ओढून नेता येत. मोठ्या प्रमाणावर उत्पादनासाठी एका कंपनीने ५०० गाड्यांच्या खरेदी-मागण्यांची अट घातली होती. तेवढ्या मागण्या आल्या नाहीत आणि तयार झालेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

रस्त्यावर सुरक्षित राहण्यासाठी मोटार भक्कम आणि म्हणून जड असावी लागते, तर विमानाला प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे दोन्ही कामे करणारे यंत्र दोन्हींत कमी पडते. शिवाय एरोकारच्या मालकाला वैमानिकाचा परवाना हवा होता आणि प्रवासाच्या दोन्ही टोकांना धावपट्टी हवी होती. घरापासून धावपट्टीपर्यंत गाडी चालवायची, पंख जोडायचे, उडायचे, उतरल्यावर पंख काढायचे आणि पुन्हा रस्ता धरायचा, हा क्रम सुटीच्या दिवशी हौस म्हणून ठीक आहे, पण रोज कामावर जाण्यासाठी तो कोणी पत्करेल असे वाटत नाही.

धावपट्टीची अट हेलिकॉप्टरने काढून टाकली. दैनंदिन हवाई प्रवासाचा खरा प्रयोग त्यानेच केला, म्हणून आजच्या हवाई टॅक्सीची वंशावळ उडत्या मोटारींपेक्षा येथे अधिक नीट सापडते. लॉस एंजेलिस एअरवेजने १९४७ मध्ये हेलिकॉप्टरने टपाल नेण्यास आणि १९५४ मध्ये प्रवासी नेण्यास सुरुवात केली. न्यूयॉर्क एअरवेज तर काही काळ शहरातील उंच पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून थेट विमानतळापर्यंत सेवा देत असे. रस्त्यावरची कोंडी खाली सोडून काही मिनिटांत विमानतळ गाठण्याचे जे चित्र आज नव्याने रंगवले जाते, ते त्या प्रवाशांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. मात्र या सेवा सरकारी अनुदानावर उभ्या होत्या आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात ते अनुदान थांबले. १९६८ मध्ये लॉस एंजेलिस एअरवेजच्या दोन हेलिकॉप्टरांना तीन महिन्यांच्या आत अपघात झाले आणि त्यांत एकूण ४४ जण दगावले. पुढे १६ मे १९७७ रोजी पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या, पण पाती फिरत असलेल्या हेलिकॉप्टरचे चाकांचे पाय मोडले आणि ते आडवे झाले. पात्यांनी चार जणांचा बळी घेतला, तर एका पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून तेथील एका महिलेचा मृत्यू झाला. ती त्या सेवेची प्रवासीही नव्हती. गच्चीवरची सेवा त्यानंतर पुन्हा सुरू झाली नाही.

खाली राहणाऱ्यांचा प्रश्न न्यायालयात त्याआधीच पोहोचला होता. जमिनीच्या मालकाची मालकी थेट आकाशापर्यंत असते, असे जुने कायदेशीर तत्त्व सांगत असे. उत्तर कॅरोलिनातील कॉजबी कुटुंबाच्या कोंबड्या जवळच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या लष्करी विमानांच्या आवाजाने बिथरून भिंतींवर आपटून मेल्या आणि तो व्यवसाय बुडाला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते जुने तत्त्व आधुनिक जगात टिकणारे नाही असे म्हटले, परंतु जमिनीच्या वापरात थेट बाधा येईल इतक्या खालून वारंवार उड्डाणे होत असतील तर भरपाई देणे लागते, असेही ठरवले. इमारतींमधून चढ-उतार करू पाहणाऱ्या प्रत्येक वाहनाला हा दुसरा भाग अडवू शकतो.

गेल्या दोन दशकांत बदल झाला तो मुख्यतः विजेमुळे. एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक लहान विद्युत पंखे लावल्यास आवाज कमी करता येतो आणि एखादा पंखा बंद पडला तरी वाहन सावरता येते. अडसर बॅटरीचा आहे. तेवढ्याच वजनाच्या विमान इंधनात तिच्यापेक्षा सुमारे ४० ते ५० पट ऊर्जा असते, म्हणून बहुतेक आराखडे छोट्या अंतरांचेच आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने ईहँग या चिनी कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकरहित वाहनाला प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्याचा आराखडा उड्डाणास सुरक्षित असल्याची मान्यता, दिले. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी प्रवासी सेवा देण्याचा जर्मन कंपनी व्होलोकॉप्टरचा बेत प्रमाणपत्राअभावी फसला आणि डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकवस्तीवरून प्रवासी नेणाऱ्या अशा वाहनात प्राणघातक बिघाडाची शक्यता शंभर कोटी उड्डाणतासांत एकापेक्षा कमी असावी, अशी युरोपीय नियामकांची अपेक्षा आहे. ती कडक वाटते, पण १९७७ चा अपघात आठवल्यास अवाजवी वाटत नाही.

ही वाहने आली तरी रस्ते मोकळे होतील, या अपेक्षेला मात्र फारसा आधार नाही. एक मेट्रो मार्ग एका दिशेने तासाला हजारो प्रवासी नेतो, तर हवाई टॅक्सीत बहुधा चार-पाच जण बसतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये असेही दाखवले की माणसे प्रवासावर दिवसाला सरासरी तासाभराचाच वेळ घालवतात. वेग वाढला की उरलेला वेळ घरी जात नाही, राहण्याचे ठिकाणच दूर जाते. ज्यांना परवडेल त्यांची घरे शहरापासून आणखी लांब जाणे हा परिणाम मला कोंडी सुटण्यापेक्षा अधिक संभाव्य वाटतो.

सामान्य माणसाच्या आयुष्यात उडणारे वाहन प्रत्यक्ष शिरले ते वेगळ्याच दाराने. २०१६ पासून रवांडात झिपलाइन या कंपनीची मानवरहित विमाने दूरच्या रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पोहोचवत आहेत. विमान तेथे उतरतच नाही. पिशवी छोट्या पॅराशूटने खाली सोडली जाते. त्यामुळे प्रत्येक रुग्णालयाजवळ तळ बांधावा लागला नाही. माणसांना मात्र असे खाली सोडता येत नाही, म्हणून हवाई टॅक्सीच्या प्रत्येक योजनेत वाहनाबरोबरच कोणत्या गच्च्या, कोणते वाहनतळ आणि कोणाच्या खिडकीसमोरून, हे ठरवावे लागत आहे.