एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) म्हणजे फुकटची समाजसेवा नाही

"मन चांगलं असलं की झालं, समाजकार्याला डिग्री कशाला?" हे वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे. मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) १९३६ पासून समाजकार्य शिकवतंय, लेक्चरसोबत फिल्डवर्क कंपल्सरी, त्याचे रिपोर्ट वेगळे. आता साध्या टीबीचा पेशंट घ्या, ६ महिन्यांचा कोर्स, पण जरा बरं वाटलं की गोळ्या बंद, नाहीतर दवाखान्यात गेलं की रोजंदारी बुडते म्हणून बंद. त्याला नुसतं रागावून काय होणार? घरी जाऊन खरं कारण काढायचं, घरच्यांना समजवायचं, निक्षय पोषण या सरकारी योजनेचे, टीबी पेशंटच्या खाण्यापिण्यासाठीचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतायत का बघायचं, हे शिकावंच लागतं! आणि सरकारी हॉस्पिटलात यासाठी पगारी पोस्ट आहे, समाजसेवा अधीक्षक.