केरीत इंटरमिजिएट चॅम्पियनशिप खेळायचीय? फॉर्म कुठे, कागद कुठले, कोण पात्र, सगळं एकदाच वाचून घ्या

आयर्लंडमधल्या केरी काउंटीत, ट्रॅली-किलार्नी पट्ट्यात हॉस्पिटल, हॉटेल नाहीतर आयटीच्या नोकरीसाठी आलेली आपली मंडळी हल्ली बरेचदा विचारतात की गेलिक फुटबॉलची (बॉल हातानेही खेळता येतो तो इथला खेळ, पंधरा-पंधरा जणांचा) इंटरमिजिएट चॅम्पियनशिप खेळायची तर फॉर्म कुठे भरायचा. तर असा फॉर्मच नाहीये. स्पर्धेत नाव क्लबचं असतं, खेळाडूचं नाही. तुम्ही अर्ज करता तो क्लबची मेंबरशिप मिळवायला, आणि पुढचं सगळं त्या मेंबरशिपवर अवलंबून.

आधी ही स्पर्धा नेमकी काय ते थोडक्यात. केरी काउंटीत सिनिअर क्लब चॅम्पियनशिपमध्ये आठ क्लब, त्याच्या खालची पायरी म्हणजे इंटरमिजिएट, तिथे सोळा क्लब, चार-चारचे चार ग्रुप. आपल्या मुंबईच्या कांगा लीगच्या डिव्हिजन असतात ना, तसंच वर चढणं खाली घसरणं इथेही आहे, जिंकणारा सिनिअरला जातो आणि हरत गेलेला खालच्या पायरीला, ज्युनिअर प्रीमिअरला. जिंकणाऱ्याला पुढे मन्स्टर प्रांताची इंटरमिजिएट, आणि ती पण मारली तर ऑल आयर्लंड, जिची फायनल डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला होते. दुसरी पायरी म्हणून हलक्यात घेऊ नका हं, किलकमिनने २०१९ ला आणि रॅथमोरने २०२३ ला ऑल आयर्लंड इंटरमिजिएट जिंकलीय, आणि ही दोन्ही मोठी शहरं वगैरे नाहीत, गावंच आहेत. त्या रॅथमोरच्या टीममध्ये शेन रायन होता, जो केरी काउंटीचा गोलकीपर, पण क्लबकडून गोलात नाही तर पुढे फॉरवर्डला खेळतो!

आता पात्रता. नागरिकत्व कुठलंही चालतं, व्हिसा कुठला ते बघून कुणी मेंबरशिप देत-नाकारत नाही, धर्म भाषा काही नाही. खेळ पूर्ण हौशी आहे, खेळाडूला पगार मिळत नाही, अगदी काउंटीकडून खेळणाऱ्या स्टारलाही नाही, त्यामुळे वर्क परमिटवर असताना खेळलं तर चालेल का या काळजीत पडू नका. क्रिकेट खेळत असाल तरी हरकत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण १९७१ पर्यंत जीएएचा (गेलिक खेळ चालवणारी इथली संघटना) नियम होता की क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी खेळणारा माणूस गेलिक खेळू शकत नाही, म्हणजे आपल्यातले निम्मे तर तिथेच बाद झाले असते. वय अठरा पूर्ण असेल तर प्रश्नच नाही, त्याखालच्या मुलांना मोठ्यांच्या टीममध्ये खेळवायचे वयाचे नियम वेगळे आहेत, ते क्लबला विचारा.

मग अडतं कुठे? पत्त्यावर. क्लब कोणता हे तुमच्या आवडीपेक्षा तुम्ही राहता कुठे यावर ठरतं, केरीत क्लब साधारण पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराला, बांधलेले असतात आणि लोक त्या हद्दीबद्दल भयंकर सेन्सिटिव्ह आहेत. ट्रॅली किंवा किलार्नीसारख्या शहरात एकापेक्षा जास्त क्लब आहेत, पण खेड्यात राहत असाल तर तुमचा क्लब म्हणजे त्या गावचाच. ऑफिसमधला मित्र दुसऱ्या क्लबचा आहे म्हणून त्याच्यासोबत जाऊन नाव नोंदवलं, असं करू नका, नंतर क्लब बदलायला ट्रान्सफर लागते आणि ती काउंटी कमिटीच्या हातात असते. घर हद्दीजवळ असेल तर आधी दोन्हीकडच्या सेक्रेटरीला फोन करा, तेच तुम्हाला सांगतील.

क्लब ठरला की ऑनलाइन काम. जीएएची फ्विरन नावाची सिस्टीम आहे, वेबसाइट पण आहे, ॲप पण. त्यात स्वतःच्या ईमेलने अकाउंट काढायचं, नाव, जन्मतारीख, पत्ता एअरकोडसकट (इथला पिनकोड), फोन, इमर्जन्सीला कुणाला कळवायचं त्याचा नंबर, काही आजार किंवा ॲलर्जी असेल तर ते. मग क्लब शोधायचा, मेंबरशिपचा प्रकार निवडायचा (खेळणारा ॲडल्ट वेगळा, नुसता सोशल मेंबर वेगळा, इथे चुकू नका) आणि कार्डने फी भरायची. फी प्रत्येक क्लबची वेगळी, विद्यार्थ्यांना आणि फॅमिलीला बरेच क्लब कमी घेतात. पैसे गेले म्हणजे झालं असं समजू नका बरं का, क्लबचा रजिस्ट्रार अप्रूव्ह करेपर्यंत तुम्ही मेंबर नाही. मुलांचं नाव त्यांच्या वेगळ्या ईमेलवर नाही, आईबाबांच्या अकाउंटला फॅमिली म्हणून जोडायचं. आणि हे दर वर्षी नव्याने करायचं असतं, मागच्या वर्षीची मेंबरशिप आपोआप पुढे चालत नाही.

कागदपत्रं म्हणाल तर आपल्या तहसील ऑफिससारखा गठ्ठा लागत नाही. फोटो आयडी म्हणून पासपोर्ट किंवा आयआरपी कार्ड (इथे राहायच्या परवानगीचं) जवळ ठेवा, पत्त्यासाठी भाडेकरार किंवा लाइटबिल, नवख्या माणसाला बरेचदा यातलं काहीच कुणी मागत नाही, पण पत्त्यावरून वाद झाला तर हेच उपयोगी पडतं. भाडेकरारावर तुमचं नावच नसेल, म्हणजे शेअरिंगमध्ये राहत असाल, तर बँकेचं स्टेटमेंट किंवा सरकारी पत्र तरी त्या पत्त्यावर मागवून ठेवा.

यापूर्वी दुबई, सिंगापूर, लंडन, नाहीतर डब्लिनमध्ये गेलिक खेळलाय का? अगदी हौस म्हणून दोन मॅच खेळलात आणि तिथे रजिस्ट्रेशन झालं असेल तरी ते इथे सांगा, कारण तेव्हा तुम्ही नवीन मेंबर नसता, ट्रान्सफरची केस असता. जुना क्लब, नवा क्लब, काउंट्या, अशी मंजुरीची साखळी असते आणि ती मॅचच्या आदल्या दिवशी पूर्ण होत नाही. ती न करता खेळलात तर तुम्ही बेकायदा खेळाडू, समोरचा क्लब ऑब्जेक्शन घेतो आणि जिंकलेली मॅच तुमच्या क्लबच्या हातून जाऊ शकते. गावात मग तोंड दाखवायची सोय राहत नाही, हे लक्षात घ्या.

दुसरा घोळ ग्रेडचा. इंटरमिजिएट क्लबची दुसरी-तिसरी टीम खालच्या स्पर्धांत खेळत असते आणि पहिल्या टीमचे खेळाडू तिकडे उतरवता येत नाहीत, म्हणून कोण कुठल्या टीमचा हे क्लबला सांभाळावं लागतं. तिशीत पहिल्यांदा बॉल हातात घेणारा माणूस खरं सांगायचं तर इंटरमिजिएटच्या पंधरात येणार नाही, ही पोरं चार-पाच वर्षांची असल्यापासून खेळतायत. खालच्या टीमला मात्र माणसं नेहमी कमी पडतात, तिथून सुरुवात करा. आणि खूपच चांगले निघालात तर केरीची एक मजा आहे, इंटरमिजिएट किंवा ज्युनिअर क्लबचा खेळाडू आपल्या विभागाच्या टीमकडून (आसपासच्या क्लबांची मिळून एक) काउंटीची सिनिअर चॅम्पियनशिपही खेळू शकतो, ही वर सांगितलेल्या आठ क्लबांच्या स्पर्धेहून वेगळी. केरीचा स्टार खेळाडू डेव्हिड क्लिफर्डचा क्लब फॉसा, पण सिनिअर चॅम्पियनशिप तो खेळतो ईस्ट केरीकडून.

वेळ साधायची तर जानेवारी-फेब्रुवारीतच नाव घाला. २०२२ पासून सीझन दोन भागांत आहे, जुलैअखेर काउंटी टीमच्या मॅचेस संपतात आणि मग क्लब चॅम्पियनशिपची धामधूम, तेव्हा जाऊन नाव घालायला लागलात तर मॅनेजरकडे तुम्हाला बघायला वेळ नसतो.

बायकांसाठी संघटना वेगळी आहे, एलजीएफए (लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशन), पण रजिस्ट्रेशन त्याच फ्विरनवर. मुलांच्या कोचिंगला मदत करायची असेल तर मेंबरशिप पुरत नाही, गार्डा व्हेटिंग (पोलिसांकडून होणारी पडताळणी) आणि सेफगार्डिंगचा (मुलांच्या सुरक्षेचा) कोर्स करावाच लागतो, व्हेटिंगला वेळ लागतो म्हणून आधी अर्ज टाका.

शेवटचं, दुखापतीचं. जीएएचा इंज्युरी फंड आहे, पण तो इन्शुरन्स नाही, तुमच्या हेल्थ इन्शुरन्समधून जे मिळत नाही त्यातला काही भाग देतो, आणि क्लेम ठराविक मुदतीत क्लबमार्फतच जातो. रजिस्ट्रेशन अप्रूव्ह व्हायच्या आधी नुसतं बघायला म्हणून ट्रेनिंगला उतरलात आणि गुडघा गेला तर हातात काही नाही. गमशील्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) प्रॅक्टिसलाही सक्तीचं आहे, ते न घालता दात पडला तर खर्च तुमच्याच खिशातून.