आधी वडिलांचा पीपीओ वाचा, मग शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा

बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिंदखेडा या भागातून मला फोन यायला लागतात. फौजेत मी क्लार्क होतो. सगळी नोकरी कागदांत गेली, म्हणून गावाकडे आल्यावर लोक कागदच घेऊन येतात. बहुतेक घरी एक काळी लोखंडी पेटी असते, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, मेडल, जुने फोटो आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला पेन्शनचा कागद. गेल्या पावसाळ्यात एक माउली ती पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "समदं पेटीमा शे, पन माले समजत नही भाऊ."

त्या पिशवीतला पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, पेन्शन पेमेंट ऑर्डर. मुलाला किंवा मुलीला कोणती शिष्यवृत्ती मिळेल आणि रांगेत कितव्या नंबरावर उभं राहता येईल, हे त्या कागदावरची एक ओळ ठरवते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पीपीओवर काय शोधायचं

सैनिक हयात नसेल तर पत्नीच्या पीपीओवर पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. 'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन' असेल तर मृत्यू लढाईत, अतिरेक्यांशी चकमकीत किंवा तशाच ऑपरेशनमध्ये झाल्याची नोंद रेकॉर्डला आहे. 'स्पेशल फॅमिली पेन्शन' असेल तर मृत्यू सेवेमुळे झाला, असं लष्कराने मान्य केलं आहे. 'ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन' म्हणजे मृत्यूचा सेवेशी संबंध मानलेला नाही, किंवा सैनिक पेन्शन आल्यावर घरी वारले.

सैनिक जखमी होऊन बोर्ड आउट झाले असतील, म्हणजे वैद्यकीय कारणाने फौजेतून घरी पाठवले गेले असतील, तर 'वॉर इंज्युरी' हे शब्द आहेत की 'डिसेबिलिटी' हे पाहा. पहिल्याचा अर्थ लढाईतली जखम, दुसऱ्याचा अर्थ सेवेमुळे आलेलं अपंगत्व.

'शहीद' हा शब्द यातल्या कुठल्याही कागदावर शोधू नका. गावात कमान त्या नावाची असते, चौक त्या नावाचा असतो, पण सरकारी नोंदीत 'बॅटल कॅज्युअल्टी' असं लिहितात. फॉर्म भरताना तोच शब्द लागतो.

पीपीओ हरवला असेल तर घाबरू नका. आता पेन्शन स्पर्श या ऑनलाइन व्यवस्थेतून येते आणि तिथल्या खात्यातून पीपीओ काढता येतो. पासवर्ड आठवत नसेल तर जवळच्या सीएससी केंद्रावर जा, सोबत आधार आणि नोंदवलेला मोबाइल ठेवा.

प्रधानमंत्री शिष्यवृत्ती: सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त चुकणारी

ही योजना केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं. २००६-०७ पासून सुरू आहे. मुलाला महिन्याला २,५०० रुपये आणि मुलीला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३०,००० आणि ३६,०००. पैसे वर्षातून एकदा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. देशभरात दरवर्षी ५,५०० जागा, निम्म्या मुलींसाठी.

अट अशी की शिक्षण पहिल्या व्यावसायिक पदवीचं हवं: बीई, बीटेक, एमबीबीएस, बीडीएस, बीफार्म, बीएड, बीबीए, बीसीए वगैरे. पदव्युत्तरमध्ये फक्त एमबीए आणि एमसीए चालतात. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी यात बसत नाही. हे ऐकून पुष्कळ मुलांचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात तीच मुलं जास्त. त्यांच्यासाठी दुसरी योजना आहे, ती पुढे सांगतो. पत्राद्वारे किंवा परदेशात घेतलेलं शिक्षणही धरत नाहीत.

गुणांची अट ६० टक्क्यांची. बारावीनंतर प्रवेश असेल तर बारावीचे गुण, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांचे डिप्लोमाचे, आणि बीएड किंवा एमबीएला पदवीचे. सैनिकाची विधवा पत्नी स्वतः शिकत असेल तर तिलाही अर्ज करता येतो. ही गोष्ट फार कमी घरांना माहीत आहे. वीस-बावीस वर्षांच्या वयात एकट्या पडलेल्या मुली आपल्या भागात आहेत. बीएडला प्रवेश घेतला असेल तर त्यांनी जरूर अर्ज करावा.

आता पीपीओकडे परत. या योजनेत प्राधान्याचे सहा वर्ग आहेत. पहिला, लढाईत कामी आलेल्यांची मुलं आणि पत्नी. दुसरा, लढाईत अपंगत्व येऊन बोर्ड आउट झालेल्यांची मुलं. तिसरा, सेवेत असताना सेवेमुळे मृत्यू झालेल्यांचं कुटुंब. चौथा, सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांची मुलं. पाचवा, शौर्यपदक मिळालेल्यांची मुलं. सहावा, बाकी सगळे माजी सैनिक, आणि तोही अधिकारी दर्जाच्या खालच्यांसाठीच. जागा वरच्या वर्गांपासून भरत येतात. म्हणजे ६५ टक्क्यांची मुलगी तिसऱ्या वर्गात असेल तर तिची निवड व्हायला फारशी अडचण येऊ नये, आणि तीच मुलगी सहाव्या वर्गात गेली तर देशभरातल्या ८५-९० टक्केवाल्यांशी तिला झुंजावं लागतं.

ज्या माउलीचं बोलणं वर लिहिलं, तिच्या घरी हेच झालं होतं. नवरा ड्यूटीवर जात असताना गाडीच्या अपघातात गेला. मुलगी इंजिनिअरिंगला. सायबर कॅफेतल्या पोराने फॉर्म भरताना विचारलं, "वडील रिटायर का?" तिने मान हलवली, पोराने सहावा वर्ग टाकला. मी पीपीओ उघडला तर दुसऱ्या पानावर फिकट अक्षरात 'स्पेशल फॅमिली पेन्शन'. फॉर्म अजून तपासणीत होता म्हणून तो दुरुस्तीसाठी परत घेता आला आणि तिसऱ्या वर्गात गेला. मुदत आठवड्यावर होती. ती टळली असती तर पुढच्या वर्षी मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली असती, आणि नवा अर्ज साधारणपणे पहिल्या वर्षाच्याच विद्यार्थ्याला करता येतो.

एकदा मिळाली की अभ्यासक्रम संपेपर्यंत मिळत राहते, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी वर्ष पास आणि किमान ५० टक्के. एटीकेटीने पुढे गेलेली मुलं इथे अडकतात.

कागद गोळा करताना

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी, मग अर्ज. मूळ कागद स्कॅन करायचे, झेरॉक्स स्कॅन केली तर परत येतं. दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी, बारावी किंवा डिप्लोम्याची गुणपत्रिका, पीपीओ, डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र, विद्यार्थ्याचं आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान. शिवाय तीन छापील नमुने असतात: एकावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची सही, दुसरा कॉलेजचा बोनाफाइड, तिसरा बँकेचा. कॉलेजचा नमुना सगळ्यांत उशिरा हाती येतो. प्रवेश झाल्याच्या आठवड्यातच कॉलेजच्या ऑफिसात द्या आणि शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच पाहा.

खातं विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि आधारशी सीड झालेलं हवं, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) आधारशी जोडलेलं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. "डीबीटीसाठी आधार सीड आहे का?" असं काउंटरवर स्पष्ट विचारा.

अर्ज ऑनलाइन गेला की मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. तिथे तपासणी झाल्यावर अर्ज पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि तिथून दिल्लीला. ज्या कार्यालयाने तुमचं ओळखपत्र दिलं, तेच तुमचं कार्यालय. नोकरीपायी नाशिक-पुण्याला नोंदणी झाली असेल आणि कुटुंब आता जळगाव किंवा धुळ्याकडे राहत असेल, तर आधी नोंदणी इकडे वर्ग करून घ्या. हे काम मुदतीच्या तोंडावर होत नाही.

नावाचा घोळ

अर्ज सगळ्यांत जास्त अडतात ते इथे. फौजेच्या नोंदीत पत्नीचं नाव 'सुमनबाई', आधारवर 'सुमन'. मुलाचं घरचं नाव नोंदीत गेलेलं, शाळेत वेगळं. जन्मतारीख तर जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या घरी वेगळी, कारण शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेली असते. आपल्याकडे 'बाई' लावायचं की नाही याचा कुणी विचार करत नाही, पण तपासणाऱ्यासमोर त्या दोन वेगळ्या बायका असतात.

फौजेच्या बाजूने मुलांची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने, म्हणजे सैनिकाच्या घरच्या नोंदींसाठी निघणाऱ्या लष्करी आदेशाने होते. ती चुकीची असेल किंवा झालीच नसेल तर दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून करून घ्यावी लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, सोबत जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडा. यात महिने जातात. म्हणून मूल दहावीत असतानाच नोंदी तपासून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

लढाईत गेलेल्या किंवा अपंग झालेल्यांच्या मुलांसाठी पूर्ण फी

ही सवलत वेगळी आहे आणि शिष्यवृत्तीपेक्षा मोठी आहे. १९७१च्या युद्धानंतर संरक्षण मंत्रालयाने ठरवलं की लढाईत कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांची शिक्षण फी आणि वसतिगृहासारखे खर्च सरकार देईल. २०१७ मध्ये त्यावर महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्यावर देशभर नाराजी उमटली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढली. पहिल्या पदवीपर्यंत ही सवलत मिळते. सरकारी, अनुदानित किंवा सरकारमान्य संस्थेत शिक्षण हवं. यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडून पात्रतेचं पत्र घ्यावं लागतं. फीच्या पावत्या जपून ठेवा, मूळ पावतीशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

याच कुटुंबांसाठी आर्मी सेंट्रल वेल्फेअर फंडाचीही मदत असते. रेकॉर्डला पत्र लिहिताना तीही विचारून घ्या.

बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांसाठी

इथे रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतलं शैक्षणिक अनुदान कामी येतं. हवालदार आणि त्याखालच्या पदाच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. विधवा पत्नी दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेत असेल तर तिलाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना रक्कम दुप्पट झाली आहे: महिन्याला १,००० होते, आता २,००० रुपये. अर्ज ऑनलाइन, तपासणी त्याच जिल्हा कार्यालयात. मागचं वर्ष पास झाल्याची गुणपत्रिका लागते, म्हणजे निकाल लागल्यावर अर्ज करायचा.

राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरही माजी सैनिकांच्या मुलांसाठी शैक्षणिक सवलत आहे. तसंच २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली आहे. त्या मुलींनी तो अर्ज आधी भरावा. दोन लाभ एकदम घेता येतात का, हे प्रत्येक अर्जातल्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका, नंतर वसुली निघाली तर ती घरच्यांवर येते.

प्रवेशाच्या वेळीच एक फायदा हातचा जातो, तोही सांगतो. इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत संरक्षण दलाच्या पाल्यांना ५ टक्के जागा राखीव असतात, वडील महाराष्ट्राचे रहिवासी माजी सैनिक असतील तर फॉर्ममध्ये 'डीईएफ-१' हा प्रकार निवडायचा. सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फॉर्ममध्ये हा रकाना भरायचा राहिला तर नंतर तो उघडत नाही. त्याचं प्रमाणपत्रही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफमधल्या जवानांची कुटुंबंही माझ्याकडे येतात. त्यांची प्रधानमंत्री शिष्यवृत्ती वेगळी आहे. रक्कम तीच, पण ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची आणि कागद जवानाच्या दलाकडून तपासले जातात. सैनिक बोर्डाच्या रांगेत त्यांनी दिवस घालवू नये.

राहण्याची सोय

गावाकडून जळगाव किंवा धुळ्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत. वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवा यांच्या मुलांना तिथे सवलत असते. जागा मोजक्या, आणि प्रवेश जूनच्या सुमारास सुरू होतात. खोलीभाड्याचा हिशेब करण्याआधी तिथे चौकशी करा.

जिल्हा कार्यालयात जाताना सकाळच्या पहिल्या एसटीने जा, मूळ कागदांची एक फाइल आणि झेरॉक्सची वेगळी फाइल करा, आणि अर्ज भरल्यावर मिळालेला डाक आयडी, म्हणजे अर्जाचा नंबर, वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको. फोन बदलला की तो जातो, आणि अर्ज कुठे अडलाय हे त्या नंबरावरूनच कळतं. आणि पीपीओची पिशवी पेटीत परत ठेवण्याआधी त्या दोन्ही पानांचा स्वच्छ उजेडात फोटो काढून मुलांच्या फोनमध्ये ठेवा.