जवानाचं मत आणि दोन रुपयांचं नाणं

सीमेवर काही घडलं की दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या निम्म्या मोबाइलवर एकच मजकूर फिरतो: ‘जवानांना युद्ध हवंय, नेतेच कच खातात.’ चार दिवसांनी नेमका उलटा येतो: ‘लढणाऱ्याला युद्ध नको असतं, ते स्टुडिओत बसणाऱ्यांना हवं असतं.’ दोन्हीखाली जवानाचा फोटो तोच. मधल्या काळात एखाद्या चॅनेलवर ज्योतिषीबुवा मंगळ बघून युद्धाची तारीख सांगून जातात, ती टळली तरी त्यांना जाब कुणी विचारत नाही. माझा प्रश्न साधा आहे. जवानांचं मत यांना कळलं कसं? मोजलं कुणी?

एकदा ते खरोखर मोजलं गेलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या जनतेत उभी फूट पडली. २००६ च्या सुरुवातीला झॉग्बी या संस्थेनं इराकमधल्या ९४४ अमेरिकी सैनिकांना समोर बसवून प्रश्न विचारले. ७२ टक्के म्हणाले, वर्षभरात इथून निघावं. युद्धविरोधकांनी हा आकडा डोक्यावर घेतला, समर्थक म्हणाले, तुमचा नमुनाच संशयास्पद. आतले आकडे मात्र दोघांचीही पंचाईत करणारे होते. राखीव दलात ‘निघावं’ म्हणणारे ८९ टक्के, मरीनमध्ये ५८. शिवाय ८५ टक्के सैनिकांच्या मते मोहिमेचा मुख्य हेतू ९/११ मधल्या सद्दामच्या सहभागाचा बदला घेणं हा होता. त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाला तर सद्दाम आणि अल-कायदा यांनी मिळून कारवाई केल्याचा पुरावा २००४ मध्येच सापडला नव्हता. म्हणजे लढणाऱ्यालाही युद्धाचं कारण बाकीच्यांसारखं बातम्यांतूनच कळतं.

आता ९४४ माणसांवरून दीड लाखाच्या आसपास फौजेचं मत सांगता येतं का? येतं. एकाला ९४४ च्या वर्गमुळानं भागा, साधारण सव्वातीन टक्के येतात, तेवढी चूक इकडेतिकडे. अट एकच, प्रत्येक सैनिकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. सांगलीच्या सौद्यात जुना खरेदीदार पोत्याच्या तोंडाशी रचलेल्या हळकुंडांवर भाव करत नाही, हात खाली घालतो. टीव्हीवर ‘मत नोंदवा’ म्हणतात तेव्हा मोजतात ती तोंडाशी रचलेलीच हळद. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे तेवीस-चोवीस लाख मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी अध्यक्षपदाचा अंदाज साफ चुकला.

पण नमुना चोख असला तरी एक भोक उरतंच. समोरचा खरं बोलतोय कशावरून?

आपल्याकडे कामावरच्या जवानाला असं मत जाहीरपणे मांडायची मुभाच नाही. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २१ नुसार सरकारला जवानांच्या वृत्तपत्रांशी बोलण्यावर आणि राजकीय सभांना जाण्यावर नियमानं बंधनं घालता येतात, आणि ती घातलेली आहेत. शिस्तीसाठी ते रास्तही आहे. पण निवृत्तीनंतरही जीभ सैल होत नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, तिथं पारावर बसलेले ‘मेजर’ (आमच्याकडे हवालदारही रिटायर झाला की मेजरच होतो) पेन्शन, कॅन्टीन, पोरांची भरती यावर तासभर बोलतील. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचा विषय काढा. ‘हुकूम होता, गेलो,’ एवढंच.

हे आजचं नाही. त्याच महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचत असे आणि शिपायांनाही ते ठाऊक होतं. मग कुणी घरी लिहायचं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोरे.

मग मिरचीच्या भाषेशिवाय खरं काढायचं कसं? यावर १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकी अभ्यासकानं जी युक्ती काढली, ती मला संख्याशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. त्याच्या मूळ पद्धतीत फिरती चकती होती. मी नंतर रुळलेला नाण्याचा प्रकार सांगतो.

समजा, श्रीलंकेतल्या त्या शांतिसेनेतून (१९८७ ते १९९०) आलेले २०० निवृत्त जवान आपण गोळा केले. प्रश्न: ‘श्रीलंकेत सैन्य पाठवणं चूक होतं, असं तुम्हाला वाटतं का?’ प्रत्येकानं पाठ फिरवून दोन रुपयांचं नाणं उडवायचं. छापा पडला तर मनात काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. नाणं कुणाला दाखवायचं नाही.

आता एखाद्याचं ‘हो’ त्याच्या जुन्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी ऐकलं तरी बिघडत नाही. तो म्हणेल, साहेब, छापा पडला होता. एकेका माणसाचं उत्तर असं निरुपयोगी होतं, पण ढिगाचं होत नाही. समजा १३० जण ‘हो’ म्हणाले. त्यातले सुमारे १०० नाण्याच्या हुकमाचे. उरलेले ३० हे काटा पडलेल्या १०० जणांतले, म्हणजे खरं प्रमाण सुमारे ३० टक्के. ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी मनापासून कोण म्हणालं, हे जगात कुणालाच माहीत नाही, तरी किती जण म्हणाले हे कळलं! एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ‘नाही’ला नाण्याची ढाल नाही, म्हणून प्रश्न असा बेतायचा की अडचणीचं उत्तर ‘हो’च असेल.

ही ढाल फुकट मिळत नाही. ‘हो’चं प्रमाण ल धरलं तर खरं प्रमाण २ल − १. त्या दोननं गुणण्यात चूकही दुप्पट होते. सरळ विचारलं असतं तर २०० जणांत चूक अधिक-उणे साडेसहा टक्के, नाणं आलं की तेरा. पुन्हा साडेसहावर यायला चौपटीहून जास्त माणसं लागतात. तरीही हे परवडतं, कारण खोट्या उत्तरांची चूक कितीही माणसं वाढवली तरी कमी होत नाही. २०१४ मध्ये गूगलनं क्रोम ब्राउझरमधून वापरणाऱ्यांची माहिती गोळा करायला याच कल्पनेवरची पद्धत जाहीर केली.

आणि कुणी नाण्यालाच फसवलं तर? छापा पडूनही ‘चूक होतं’ हे शब्द तोंडातून काढायला नको म्हणून ‘नाही’ म्हणणारे असतातच. मग २०० पैकी १३० ऐवजी ८५ ‘हो’ येतील आणि सूत्र सांगेल: उणे १५ टक्के. उणे माणसं नसतात. दोनशे छापाकाट्यांत शंभराच्या पुढेमागे सातेक एवढाच चढउतार सहज होतो, पंधराची घट नुसत्या योगायोगानं क्वचितच पडेल. या आकड्यावरून श्रीलंकेबद्दलचं मत काढायला जाऊ नये. पाठ फिरवून, एकट्यानं नाणं बघूनही निदान पंधराएक जणांनी ‘हो’ गिळलं, एवढं मात्र त्यातून काढता येतं.