खासदार दोघंही, पण निवडून कुणी दिलं?

मैदानाच्या फाटकावर, बसायच्या बाकावर, व्यायामशाळेच्या दारावर फलक असतो: ‘मा. खासदार अमुक यांच्या स्थानिक विकास निधीतून’. हे अमुक लोकसभेचे की राज्यसभेचे, हे बघायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. मग सोसायटीचं गाऱ्हाणं भलत्याच दारात जातं.

दक्षिण मुंबईत हा घोळ एकाच घरात बघायला मिळाला. मुरली देवरा १९७७-७८ मध्ये मुंबईचे महापौर होते. १९८० ची लोकसभा हरले, पण १९८४, १९८९, १९९१ अशी सलग तीनदा जिंकले. १९९६ मध्ये जयवंतीबेन मेहतांनी त्यांना घरी बसवलं. १९९८ ला ते परत आले आणि १९९९ ला जागा पुन्हा जयवंतीबेनकडे गेली. लोकसभेचं हे असं असतं: गिरगाव-कुलाब्याचा मतदार रुसला की संपलं.

२००२ मध्ये देवरा राज्यसभेत गेले. २००६ मध्ये पेट्रोलियम मंत्री झाले, तेही तिथूनच. राज्यसभेतल्या मंत्र्याला लोकसभेत उभं राहून उत्तर देता येतं, मत मात्र देता येत नाही. त्याच काळात दक्षिण मुंबईचे लोकसभेतले खासदार होते त्यांचे चिरंजीव मिलिंद, २००४ ला निवडून आलेले. म्हणजे मुलाला मतदारांनी पाठवलेलं आणि वडिलांना आमदारांनी.

राज्यसभेची निवडणूक म्हणजे विधानभवनातला हिशेब. महाराष्ट्राच्या १९ जागा, मतदार २८८ आमदार. सहा जागांची निवडणूक असेल तर पहिल्या पसंतीची ४१-४२ मतं हवीत. आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तरीही जून २०२२ मध्ये सहाव्या जागेवर शिवसेनेचे संजय पवार पडले आणि भाजपचे धनंजय महाडिक आले, कारण अपक्ष आणि छोट्या पक्षांची मतं फिरली. गल्लीतल्या प्रचाराचा इथे काडीचाही उपयोग नाही.

मुदतही वेगळी. लोकसभा पाच वर्षांची, मध्येच बरखास्तही होते. राज्यसभा बरखास्त होतच नाही, सदस्याला सहा वर्षं मिळतात. सरकार पाडायचा अविश्वास ठराव फक्त लोकसभेत येतो. पैशाचं विधेयक राज्यसभेला फार तर १४ दिवस ठेवून घेता येतं. यावरून राज्यसभेला कुणी ‘मागचं दार’ म्हणतं; मला ते पटत नाही. घटनादुरुस्ती तिच्या दोन तृतीयांश मतांशिवाय होत नाही.

निधी दोघांनाही वर्षाला पाच कोटी. लोकसभेच्या खासदाराने तो मुख्यतः आपल्या मतदारसंघात वापरायचा, राज्यसभेच्या खासदाराने आपल्या राज्यात कुठेही. तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या बाकासाठी राज्यसभेच्या खासदाराकडे जायला हरकत नाही, फक्त रांगेत गडचिरोलीही असते. (खड्डा आणि तुंबलेलं गटार मात्र पालिकेचं, दोघांनाही त्यात ओढू नका.)

प्रवास उलटाही होतो. पीयूष गोयल २०१० पासून राज्यसभेत होते, २०२४ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी मिलिंद देवरा राज्यसभेत आले, वडिलांच्याच वाटेने. पेन्शनचा हिशेब करताना मात्र दोन्ही सभागृहांतली वर्षं एकत्रच मोजतात.